मागून म्हणणारी माणसं

फाट्यावर बस दिसली तेव्हा माझं वाचन अर्ध्यावर होतं. पायाशी एक बॅग आणि तांदळाची पिशवी, हातात घरचं बायबल, आणि भोवती आमच्या चार घरांतली माणसं. अब्राहाम आपला देश, आपलं गोत आणि बापाचं घर सोडून निघतो, तो भाग आईनं मुद्दाम सांगितला होता. मी एक ओळ वाचायचो आणि थांबायचो. सगळे ती ओळ माझ्यामागून म्हणायचे. मग मी पुढची वाचायचो. बस येऊन उभी राहिली तरी कोणी हललं नाही. कंडक्टरनं दारातून डोकं काढलं.

"आमेन म्हणा ना लवकर, बाप्पा! गाडी लेट होऊन राहिली."

मी उरलेल्या ओळी भराभर वाचल्या, त्यांनी भराभर म्हटल्या. बायबल आईच्या हातात दिलं. ते पदराखाली धरत ती म्हणाली, "अब्राहाम निघाला तं निघाला. पण त्याच्यासंगं भाकरी कोणं बांधून देल्ल्या, ते काई लिहिलं नाई." आणि तिनं माझ्या हातात डबा कोंबला. बाबा मात्र बसच्या टपाकडे पाहत होते, तिथं काही सामान ठेवायचं नसतानाही. शेवटी तेवढंच बोलले, "तू गेला तं ऐतवारचं वाचन बंद पडन. तरी जाय."

गावात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखी बॅग उचलून कुठं कुठं गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. मला नीट लिहिता येतं असं नाही. पण बाबांचं ते वाक्य माझ्यासोबत बसमध्ये चढलं, आणि त्याचं पुढं काय झालं हे तुम्हाला कळायला हवं.

परतवाड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. पाळक महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी आमच्या ओसरीवर सभा भरते. मोठ्या माणसांत वाचता येणारं कोणी नाही, म्हणून एकानं ओळ वाचायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, ही आमची जुनी रीत. आधी आजोबा वाचायचे; ते गेल्यावर, शाळेत मी वाचायला लागलो तसं, ते काम माझ्याकडं आलं. घरात कॉलेजात गेलेलाही मीच पहिला. त्यामुळं बाबा म्हणाले ते खोटं नव्हतं. मी गेलो की ओसरी गप्प होणार होती. बसमध्ये बसल्या बसल्या मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही. कसं, ते माहीत नव्हतं.

अमरावती रोडनं बस नागपुरात शिरते तिथंच वाडी लागते, म्हणून मी वाडीतच उतरलो. खोलीही तिथंच घेतली, कारण रूम पार्टनर ओळखीतून मिळाला. नीलेश वाशीमकडचा, एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये माल चढवताना-उतरवताना मोजून घेण्याचं काम करतो. दारासमोर सकाळपासून ट्रक. गावी कोंबडा आरवायचा, इथं रिव्हर्सचा हॉर्न. कॉलेजात लेक्चर, असाइनमेंट, अटेंडन्स. पहिल्या महिन्यात मी एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटायचं, तोंड उघडलं की 'मले' निघेल आणि सगळे वळून पाहतील.

रविवारी सकाळी मी रद्दीच्या दुकानातून घेतलेलं जुनं बायबल उघडून घरी फोन लावायचो. आई फोन स्पीकरवर टाकून स्टीलच्या गंजात, खोल पातेल्यात ठेवायची, म्हणजे आवाज घुमून ओसरीभर जाईल. मी ओळ वाचायचो आणि थांबायचो. पण तिकडून आवाज उशिरा यायचा. त्यांचं म्हणणं झालं असं समजून मी पुढची ओळ सुरू करायचो, तेवढ्यात मागची ओळ माझ्या कानावर आदळायची. देवदूत आणि मेंढपाळ एकमेकांत घुसायचे. आई ओरडायची, "थांब नं गा! तुहा आवाज आमच्या आवाजात घुसून राहिला!" मग रेंज जायची. परत लावेपर्यंत माणसं पांगलेली. एकदा आत्या जाताना म्हणाली, ते मला गंजातून स्पष्ट ऐकू आलं: "हे काई वाचन नोहे वं. हे तं बैलाच्या बाजारावानी होऊन राहिलं."

त्याच सुमारास वर्गातला एक मुलगा मला त्याच्या बायबल अभ्यासाला घेऊन गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरला, एका निवृत्त शिक्षकांच्या घरी शनिवारी दुपारी मुलं-मुली जमतात. खुर्च्यांना कव्हरं, टेबलावर सरबत, प्रत्येकाकडं स्वतःचं बायबल, काहींचं मोबाईलमध्ये. हे मला फार नवीन होतं. आमच्या चार घरांत मिळून एक आहे. सर म्हणाले, "आज नवीन पाहुणा वाचेल." हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. मी पहिली ओळ वाचली आणि थांबलो.

कोणी काही म्हणालं नाही.

मी वाट पाहत राहिलो. माझं थांबणं चुकीचं आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. मला वाटलं, शहरातली माणसं हळू आहेत. शेजारच्या मुलीनं पुढचा शब्द कुजबुजला, मला तो अडला असं समजून. मग मागून एक जण म्हणाला, "भाऊ, नेटवर्क गेलं काय?" आणि सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. सरांनी विचारलं, "का थांबलास?" माझ्या तोंडातून फक्त "सवय" एवढंच आलं. पुढं दुसऱ्यानंच वाचलं.

परत आल्यावर मी नीलेशला सांगितलं की आता तिकडं जाणार नाही. तो स्टोव्हवर वांगी परतत होता. मी रागारागात बायबलमधली तीच ओळ त्याला वाचून दाखवली, बघ, यात अडण्यासारखं काय आहे म्हणून, आणि सवयीनं पुन्हा थांबलो. नीलेशनं झारा हातात धरूनच ती ओळ जशीच्या तशी मागून म्हटली.

मी त्याच्याकडं पाहतच राहिलो.

"काहून पाहून राहिला गा असा? आमच्या विहारात भंतेजी म्हणतात अन् मागून सगळे म्हणतात. लहानपणापासून. त्यात हसाचं काय हाय?" मग वांगी हलवत म्हणाला, "तुह्या शनिवारवाल्यायले कोणी शिकवलं नसन. तू शिकव."

नीलेशचं घर बौद्ध, माझं ख्रिस्ती. पण ओळीनंतर थांबलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नसतं, हे आम्हा दोघांच्या ओसऱ्यांनी शिकवलं होतं. पुढच्या शनिवारी मी गेलो. सरांना सांगितलं की आमच्याकडं असं वाचतात. सर म्हणाले, "मग आज तसंच वाचू." पहिल्या ओळीला दोघं-तिघंच बोलले. नेटवर्कवाला ओठ दाबून होता. चौथ्या-पाचव्या ओळीला तोही म्हणू लागला.

तिथं मी एक गोष्ट शिकलो, ती लिहून ठेवतो. सर आधी सगळा भाग सलग वाचायला लावतात. मग थोडा वेळ कोणी बोलायचं नाही. मग साधे प्रश्न: यात कोण आहे, त्याला काय सोडावं लागलं, आणि मी त्याच्या जागी असतो तर उद्या सकाळी काय केलं असतं. आमच्या ओसरीवर प्रत्येक ओळ तोंडात घोळून जायची, पण गोष्ट कुठून निघाली आणि कुठं पोचली, ते मला कधी दिसलं नव्हतं. इथं ते दिसलं. मला दोन्ही हवं होतं. आणि इथं मला मिळत असताना तिकडं ओसरी बंद पडत होती, हे खरं सांगायचं तर जेवतानाही आठवायचं.

आता तिकडं कोणीतरी वाचणारं हवं होतं. लहान पोरं अजून बाराखडीतच होती. आईला मी फोनवर म्हटलं, शीक. ती म्हणाली, "आता मले काय कलेक्टर व्हाचं हाय? अन् चष्मा घातला तं चूल दिसत नाई मले."

मग मला बाबा आठवले. बाबा गवंडी. सिमेंटच्या पोत्यावरचं नाव ते बोटानं वाचतात, एसटीची पाटी वाचतात, दुकानाचा बोर्ड वाचतात, ओठ हलवत, एकेक अक्षर. दुसरीपर्यंत शाळेत गेले होते. पण सभेत ते दाराजवळ बसायचे, अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि आपल्याला वाचता येतं असं त्यांनी कधी कोणाला कळू दिलं नाही. कारण हळू वाचणं म्हणजे त्यांच्या लेखी न येणंच.

फोनवर मी म्हटलं, "बाबा, तुम्ही वाचा."

ते म्हणाले, "पागल झाला काय? मले फाटकं-तुटकं येते. एका ओळीले लोकं घरी जाऊन जेवून येतीन."

हे मी नीलेशला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "आमच्या गोडाऊनमंदी कसं चालते माहीत हाय काय? मी पेटीवरची खूण वाचतो, हमाल मोठ्यानं परत म्हणते. तो म्हणते तवर मी पुढच्या पेटीवरची पाहून घेतो. कोणाले थांबा लागत नाई. तुह्या बाबाले सांग नं, लोकं मागून म्हणतात तो टाइम त्याइचाच हाय."

इतकी वर्षं मी वाचत होतो आणि मला हे सुचलं नव्हतं. मला तो वेळ लागतच नव्हता, म्हणून दिसला नव्हता. मी बाबांना तसंच समजावलं. पूर्ण ओळ वाचू नका. तीन-चार शब्द घ्या. लोक म्हणतील तोवर पुढचे जुळवा. घाई करू नका, ते मागून म्हणणारच आहेत. बाबा "पाहू" म्हणाले. त्यांचं पाहू म्हणजे नाही असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी तरी दर रविवारी फोन करून विचारत राहिलो, वाचलं का? "नाई." वाचलं का? "काम होतं." माझा फोन मात्र मी गंजात ठेवू दिला नाही. अवघड होतं ते. आईचा आवाज रागावलेला असायचा, "तुले वाचाले काय धाड भरली?" पण मी वाचलं असतं तर बाबा दाराजवळच बसले असते.

मग परीक्षा आल्या आणि फोन राहून गेला.

सेमिस्टर संपल्यावर मी शनिवारी घरी पोचलो. रविवारी सकाळी ओसरीवर सतरंजी पडली. लोक आले. मी सवयीनं भिंतीकडच्या जागी जायला निघालो, तर आईनं शर्टाला धरून मागं ओढलं. "तिकडं नाई. इथं बस, आमच्यात."

बाबा भिंतीकडं जाऊन बसले होते. मांडीवर बायबल, ओळीवर बोट. वाचायला त्यांनी दानीएलाची गोष्ट घेतली होती. पोरांना त्यांच्या देशातून धरून परक्या शहरात नेतात, तिथली भाषा आणि विद्या शिकवतात, तो भाग.

त्यांनी तीन शब्द वाचले. सगळे म्हणाले. तेवढ्यात त्यांचं बोट पुढं सरकलेलं होतं. आणखी तीन शब्द. मी आयुष्यात पहिल्यांदा माणसांमध्ये बसून मागून म्हणत होतो. समोर बसून ऐकताना ते आवाज वेगळे यायचे. मध्ये बसलं की ते पाठीला लागतात. मग बाबा थांबले. बाबेलच्या राजाचं ते लांबलचक नाव आलं होतं. त्यांचे ओठ हलले, परत हलले. कानामागून घामाची रेघ उतरली. ते नाव माझ्या जिभेवर होतं. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "सांगजो नको. वाचू दे त्याइले."

मी तोंड मिटून बसलो. कोणी खोकलंसुद्धा नाही. आत्याही नाही.

बाबांनी मान वर केली. "हे नाव काई माह्यानं होत नाई. राजा म्हणा."

"राजा," सगळे म्हणाले.

हसत हसत मीही म्हणालो. बाबांचं बोट पुढच्या शब्दावर गेलेलं होतं.

सोमवारी मी नागपूरला परत निघालो. फाट्यावर आई एकटीच आली, कारण बाबांना स्लॅबच्या कामावर जायचं होतं. वाडी माझं घर झालं आहे असं मी म्हणणार नाही, आणि गाव सुटलं असंही नाही. पूर्वी मला वाटायचं, मी नसलो की घर अर्धं राहतं, आणि त्या ओझ्यानं मी इथं कशातच पुरता बसत नव्हतो. आता शनिवारी सरांकडं वाचायला बसलो की मनात तिकडची चिंता नसते. रविवारी सकाळी फोन करत नाही, कारण त्या वेळी बाबा वाचत असतात आणि त्यांना मध्ये कोणी बोललेलं चालत नाही. दुपारी करतो. मी विचारतो, आज कोणता भाग झाला? ते सांगतात, कुठं अडलं तेही सांगतात. मग मी सरांचा प्रश्न विचारतो, त्या माणसाला काय सोडावं लागलं? बाबा विचार करतात. मागून आई उत्तर देते. आणि मी ऐकत बसतो.