मामांची सुधारलेली पॅसेंजर

माणसाला धक्के देण्यात आमच्या हिच्या मामांचा हात धरणारा माणूस निपाणीपासून बेळगावपर्यंत सापडायचा नाही. पहिला धक्का मी लग्नाच्या बैठकीतच खाल्ला. मंडळी पोह्यांवर होती आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतून निवृत्त झालेले हे कारकून माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "पगार-बिगार ऱ्हाऊ दे. पॅसेंजरनं कदी गेलासा काय?" "बसनं जातो," मी म्हणालो. मामांनी बशी खाली ठेवली आणि मी दारू पितो असं कबूल केल्यासारखं भाचीकडे पाहिलं. लग्न थोडक्यात वाचलं.

निपाणीत रेल्वे नाही, ही मामांच्या मते देवाच्या हातून झालेली चूक होती. हायवेने, संकेश्वरवरून, दीड तासात बेळगाव येतं हे शेंबडं पोरही सांगेल. मामा मात्र दर मंगळवारी भल्या सकाळी आडवाटेने चिकोडी रोड स्टेशन गाठायचे, तिथून पॅसेंजर पकडायचे आणि बेळगावातल्या वडगावात आमची जेवणं उरकून भांडी पालथी पडल्यावर जग जिंकल्यासारखे दारात उभे राहायचे. शेजारचे मागवाले यंत्रमाग थांबवून विचारायचे, "मामा, आज किती लेट?" की लगेच वही बाहेर. गाडी कुठे किती मिनिटं उभी राहिली, कुठला पंखा फिरत नव्हता, कुठल्या नळाला पाणी नव्हतं, सगळं टिपलेलं. त्यावरून अर्ज. कन्नडमध्ये विनंती, मराठीत जाब आणि इंग्रजीत सरळ दम. एका साहेबाने चहा पाजून त्यांना वाटेला लावायचं ठरवलं, तर मामा चहा पिऊन 'चहासुद्धा उशिरा आणि गार' अशी तक्रार त्याच्याच तक्रारवहीत लिहून आले! मी ऐकून गारच पडलो. ही मात्र कौतुकाने हसत होती.

एवढा आटापिटा कशासाठी, हे एकदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं. वाटेत एका चिमुकल्या स्टेशनावर पॅसेंजर क्रॉसिंगसाठी पाव तास पडून राहायची. तिथे ना कुणी चढायचं, ना उतरायचं. बाकावर तेवढी आक्का डबा घेऊन बसलेली. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. तीस वर्षांपूर्वी मामा तिच्या नवऱ्याशी बांधावरून भांडले आणि "तुमचा उंबरा चढनार न्हाय" म्हणून बसले. तिकडून उत्तर आलं, "हीबी तुमच्या दारात यायची न्हाय." दोघेही शब्दाचे पक्के. सरकारी फलाटाला मात्र कुणाचाच उंबरा नव्हता. भावाने पटकन उतरायचं, बहिणीने भाकरी खायला घालायची, दोघांनी एकमेकांची दुखणी विचारायची आणि शिट्टी झाली की पळायचं. एका भाऊबीजेला तर ओवाळून होईपर्यंत गार्ड झेंडा काखेत धरून थांबला होता म्हणे. तीस वर्षं फक्त पाव पाव तासाचं माहेर!

आणि अलीकडे खरोखरच चमत्कार झाला. रूळ दुहेरी झाले, डबे नवे आले, वेळ बदलली. मामांच्या अर्जातल्या बहुतेक मागण्या मान्य! पेढे घेऊन त्यांनी मला चिकोडी रोडला बोलावून घेतलं. गाडी वेळेवर सुटली, तेव्हा मामांनी घड्याळ दोनदा कानाला लावून पाहिलं. मग पेढ्यांचा पुडा घेऊन ते दारात जाऊन उभे राहिले. आक्काचं स्टेशन दिसू लागलं. गाडीचा वेग कमी होईना. फलाट आला, बाक आला, आक्का दिसली. तिने हात वर केला होता, एसटीला करतात तसा. आणि स्टेशन मागे पडलं.

"थांबा बंद झालाय," टीसी म्हणाला. "चढउतार न्हवती तितं."

मामांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी पिशवीतून अर्जाची नक्कल काढून माझ्या हातात दिली. त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'जेथे चढउतार नाही असे थांबे बंद करून वेळ वाचवावा.' मी जवळजवळ ओरडलोच, "मामा, हे तुम्ही लिहिलंत?"

"आक्काचं टेसन त्यात कसं यील वो, जावईबापू?" मामा म्हणाले. "तितं दर मंगळवारी मानसं असत्यात की!"

माणसं म्हणजे हे दोघे.

पुढच्या स्टेशनावर उतरलो, रिक्षा केली आणि ऊन चढता चढता मागे आलो. आक्का तशीच बाकावर बसलेली. आम्हाला पाहून हसली. "गाडी चुकून फुडं गेली बग. डायवर नवा हाय वाटतं."

आता हा माणूस खरं सांगून मोकळा होणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. गार चहाची तक्रारसुद्धा ज्याने पोटात ठेवली नाही, तो काय गप्प बसणार!

"व्हय आक्का," मामा म्हणाले. "नवा हाय. शिकंल."

इतक्या वर्षांत मामांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली थाप. आक्काने डबा उघडला, भाकरी मोडून त्यांच्या हातात ठेवली आणि रुळांकडे बघत म्हणाली, "मग फुडच्या मंगळवारी जरा आदी येऊन, पार कडंला हुबं ऱ्हायला पायजे. लांबनं दिसाय पायजे त्याला."

मामांनी मान हलवली. घास त्यांच्या हातातच राहिला होता.