जीपचा विमा, आर्सेसियोचा पाय

आर्सेसियो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, रोसमिराचा नवरा, आणि अख्ख्या कालार्का गावाचा नमुना. बायकोला कधी कौतुकाने चप्पल आणली नाही, पण जुन्या जीपला दरवर्षी रंग. सरकारी सक्तीचा विमा मात्र कधी चुकवला नाही. "माझी जीप सुरक्षित," म्हणत मिशीला पीळ द्यायचा.

त्या शनिवारी केळीचे घड लादून आम्ही उताराला लागलो. समोरून येणाऱ्या कुणाला तरी हात करायला गेला शहाणा, आणि जीप धाडकन दरडीवर. मी मागे घडांवर होते, मला खरचटलंसुद्धा नाही. त्याचा पाय मात्र गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

"चल दवाखान्यात."

"नको ताई. तिथे विमा लावतील. तो पायावर संपला तर जीपला काय उरेल? आणि चूक माझीच, मग देणार कोण?"

अस्सा राग आला मला. त्याच्या पायाची बोटं गार पडत चालली होती आणि हा जीपचं नाक कुरवाळत होता. तेवढ्यात बातमी कळून रोसमिरा धावत आली. पाय बघितला आणि थेट त्याच्या काखेत हात घातले. मागून आलेल्या गाडीत कॉफीच्या पोत्यांवर आम्ही दोघींनी त्याला उचलून टाकलं. वाटभर बोंबलत होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाय वाचवायचा तर आत्ताच शस्त्रक्रिया. हा दवाखान्याच्या पैशांच्या खिडकीवरच्या माणसाला विनवतोय, "विमा जीपसाठी राहू द्या, साहेब."

"काका, ह्या विम्यातून जीपला दमडी मिळत नाही. हा माणसांचा विमा. चूक कुणाचीही असो, चालवणारा, शेजारी बसलेला, रस्त्यावरचा, जो जखमी होईल त्याच्या उपचाराचा."

आर्सेसियो कोपरावर उठला. "शेजारी बसलेलासुद्धा?"

"सुद्धा."

रोसमिराला हसू फुटलं, मग रडू. "अहो, तुमच्या शेजारी एरवी रोज मीच बसते. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला जीपशिवाय कुणाची काळजी नाही. तुम्हालाही वाटायचं, विमा जीपचाच. दरवर्षी भरत होता तो माझा!"

आता मात्र त्याने तिचा हात घट्ट धरला. "न्या मला आत. लवकर न्या."

पाय वाचला. जीप कितीतरी दिवस गॅरेजात पडून होती, पण गड्याने साधी चौकशी केली नाही. खाटेवरून एकच विचारायचा, रोसमिरा जेवली का.