ताप नसलेला खोकला

आमची धाकटी जाऊ म्हणजे गल्लीची खोकलेवाली. खोकला विकत नाही, मोजते. आरोग्य केंद्राने ठरवून दिलेल्या घरांत दर आठवड्याला जायचं, कुणाला खोकला आहे का, ताप आहे का, ते विचारायचं आणि थर्मामीटर लावून बघायचं. ताप आणि खोकला दोन्ही असले तर तो माणूस मोजणीत धरायचा, एकच असेल तर सोडून द्यायचा. अशा हजारो घरांवरून म्हणे कळतं, की छातीच्या रोगांनी किती माणसं अंथरुणाला खिळतात, किती जातात, आणि कुठे किती खाटा लागतील.

लोकांचे खोकले मोजून कुणाचं भलं झालंय, असं मी तिला तोंडावर म्हणायची. "ताई, मोजलंच नाही तर द्यायचं कुणाला आणि किती, ते कसं कळणार?" एवढंच ती म्हणायची. कामात काटेकोर. शेजारचे काका खोकून खोकून बेजार, "अगं, मला धर की मोजणीत," म्हणायचे, तर ही थर्मामीटर बघून सांगायची, "काका, तुम्ही बसत नाही." मला हसू यायचं.

मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, तेव्हा सासूबाईंना खोकला लागला. अंगात त्राण नाही, जेवण नको, चार पावलं चालल्या की दम. धाकटीने सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावला. ताप नाही. एका सकाळी त्या पोटच्या पोराला ओळखेनात, तेव्हा कुठे धावपळ झाली. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, दोन्ही फुप्फुसं भरलीत, म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा ताप येतच नाही. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी, धाकटीचा नवरा, एकच सांगायचे, "ताप नव्हता हो. कळणार कसं?" धाकटी आत ओट्याशी उभी राहून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायची. एकदा मला म्हणाली, "ताई, एक गोष्ट मी यांना सांगितलेली नाही. कळली तर हे माझं तोंड बघणार नाहीत." मी खोदून विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस, म्हटलं.

पण आतून पोखरलेलं माणूस गप्प कसं बसणार? पुढे एका दुपारी तिच्या आरोग्य केंद्राच्या मोठ्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. मी चहा टाकला. बाई म्हणाल्या, धाकटीच्या भागात म्हाताऱ्यांमध्ये साथ उसळलेली दिसतेय, आणि नवल म्हणजे सगळ्या म्हाताऱ्यांना अगदी सारखाच ताप, एक रेघही इकडे-तिकडे नाही. मला आधी उमगलंच नाही. मग धाकटीची मान खाली गेलेली दिसली. खोकणारं म्हातारं माणूस दिसलं की ही बया त्याला आपल्या मनाने ताप चढवून मोजणीत धरत होती.

"साथ समजून आम्ही ऑक्सिजनची यंत्रं दुसऱ्या भागातून इकडे आणली," बाई म्हणाल्या. "इथे ती नुसती पडून आहेत. तिथे माणसं वाट बघतायत."

"तुमचा नियमच खोटा आहे," धाकटी म्हणाली. "त्या नियमाने माझी सासू गेली."

बाईंनी कप खाली ठेवला. "नियम अपुरा आहे. म्हाताऱ्यांसाठी वेगळा हवा, हे मीही वर सांगून थकले. पण तो मोजण्यासाठी आहे हो. जो मोजणीत बसत नाही त्याला दवाखान्यात नेऊ नका, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

माझं डोकं फिरलं. आमच्या घरी येऊन, आमचाच चहा पिऊन जखमेवर मीठ चोळता होय, म्हणून मी उठलेच. धाकटीने माझा पदर धरून खाली बसवलं. "नको ताई. बरोबर बोलतायत त्या." मग तिने बाईंना एकेक घर सांगितलं, कुठे खरा ताप आणि कुठे हिने चढवलेला. बाई यंत्रं परत पाठवायला म्हणून तडक निघून गेल्या.

भाऊजी दारातच उभे होते. कधीपासून, कोण जाणे. जवळ येऊन नेहमीसारखं म्हणाले, "सोड गं. ताप नव्हता. कळणार कसं?"

"मला कळायला हवं होतं," धाकटी म्हणाली. मी डोळ्यांनी दटावलं, पण ती थांबली नाही. "आईंनी दोनदा माझा हात धरला. म्हणाल्या, मला श्वास पुरत नाही गं, दवाखान्यात ने. मी त्यांना थर्मामीटर दाखवला. वर हसले. म्हटलं, ताप कुठे आहे आई, उगीच घाबरता. झोपा जरा."

आज घर फुटतं, असंच मला वाटलं. भाऊजी बाईंच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"आई आधी मला म्हणाली होती," ते म्हणाले. "मला कामावर जायची घाई होती. म्हटलं, तुझी सूनच यातली जाणकार आहे, तिला विचार."