घोडीची कास आणि गवळ्याची लेक

गवळ्याची लेक घोडागाडीवाल्याच्या घरात पडली तेव्हा अंगावरच्या सगळ्या दागिन्यांत खरा दागिना एकच होता, तिचा हात. तो कासेला लागला की मारकी गायसुद्धा डोळे मिटून उभी राहते, असं तिच्या माहेरचे सांगत. माहेरचे कमीच सांगत, उरलेलं ती स्वतः सांगे. पुढं ती गल्लीची काकू झाली, केस पिकले, पण या हाताची ऐट काही पिकली नाही.

काकांच्या गाडीची तांबडी घोडी हे घरातलं मोठं माणूस. काका तिला "बाईसाहेब" म्हणत आणि बायकोला "अगं ए". काकूंना त्याचं वाईट वाटत नसे. चूल बाईसाहेबांच्या चार पायांवर पेटते हे त्यांनाही ठाऊक होतं.

मागच्या खेपेचं शिंगरू दूध तोडून वेगळं बांधलं आणि बाईसाहेबांच्या कासेची डावी बाजू सुजली. हात लावला तर चटका, दाबलं तर दगड. मागचा पाय फाकवून चालायची बिचारी. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सडात सोडायच्या औषधाच्या नळ्या दिल्या आणि त्या कशा सोडायच्या ते सांगायला तोंड उघडलं. काकूंनी ते तिथंच मिटवलं.

"डॉक्टर, माझं सगळं बालपण गोठ्यात गेलंय. माशाला पोहायला शिकवता होय?"

डॉक्टर हसले आणि बॅग उचलून गेले.

काकूंनी गरम पाण्याचा शेक दिला, नासकं दूध पिळून टाकलं, सडात औषध सोडलं. सूज उतरली. काकू गल्लीभर मिरवून आल्या. महिना उलटतो न उलटतो तोच सूज पुन्हा दारात, रुसून गेलेल्या जावयासारखी, आमंत्रणाशिवाय. पुन्हा शेक, पुन्हा नळ्या, पुन्हा मिरवणं आणि पुन्हा सूज. त्यात घोडी गाभण.

"अगं ए," काका एकदा तबेल्याच्या दारात बसून म्हणाले, "कास अशी ठणकत असली तर बाईसाहेब पिल्लाला जवळ येऊ देतील का? तोंड लावलं की लाथ बसायची. मग पिल्लाला पाजायचं कुणी, मी?"

"तुमच्यानं स्वतःचा चहा होत नाही," काकू म्हणाल्या. पण त्या रात्रभर कूस बदलत होत्या. शिंगरू उपाशी मेलं तर लोक घोडीला नाही, या हाताला नावं ठेवणार होते.

सकाळी त्यांना वडिलांची रीत आठवली. वडील पहिली धार पालथ्या तव्यावर काढून बघत. काळ्यावर दुधातली गाठ लपत नाही. आजवर काकू ताठ्यात सरळ बादलीतच पिळत आल्या होत्या. आज त्या तवा घेऊन घोडीखाली बसल्या. डावा सड हलकेच दाबला आणि बघतच राहिल्या. एका सडातून दोन धारा! एक बरीचशी स्वच्छ, दुसरीत पिवळ्या गाठी.

"अहो, इकडं या! हिच्या सडाला दोन भोकं आहेत!"

"मग? गाईला नसतात?"

"गाईला एकच असतं!" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. "इतके दिवस मी पुढच्याच भोकात औषध सोडतेय. मागच्यात रोग पाय पसरून बसलाय!"

दुसरी कुणी असती तर ही गोष्ट पोटात ठेवली असती. काकू ताठ मानेनं दवाखान्यात गेल्या आणि बकऱ्या, कुत्री घेऊन बसलेल्या सगळ्या लोकांसमोर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, मी चुकले. घोडीला मी गाय समजले."

"चूक माझीही आहे, काकू," डॉक्टर म्हणाले. "मी हेच सांगणार होतो. पण तुमच्यापुढं बोलायची छाती झाली नाही."

"पुढच्या वेळी करा छाती. आता चला."

डॉक्टरांनी बारीक तोंडाची नळी दोन्ही भोकांत कशी घालायची ते दाखवायला हात पुढं केला, आणि बाईसाहेबांनी त्यांची बॅग थेट चाऱ्यात उडवली. शेवटी डॉक्टर लांबून सांगत राहिले आणि काकू करत राहिल्या. त्या हाताखाली घोडी शहाण्या पोरीसारखी उभी होती. डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस एकही खाडा न करता औषध झालं. सूज गेली. महिना गेला, दुसराही गेला, पण ती परतली नाही.

बाईसाहेब व्याल्या त्या दिवशी अर्धी गल्ली तबेल्याच्या दाराशी होती. शिंगरू काड्यांसारख्या पायांवर लटपटत उठलं, दोनदा आपटलं, काकांच्या गुडघ्यालाच लुचून बघितलं आणि अखेर आईच्या कासेशी पोचलं. डाव्या बाजूला. घोडीनं मागचा पाय उचलला, हवेत क्षणभर धरला आणि बाजूला ठेवून पिल्लाला वाट करून दिली.

चुटुचुटु आवाज आला. पिल्लाच्या ओठांवर चिकाचा फेस आला.

काकूंनी पदरानं डोळे पुसले, कमरेवर हात ठेवला आणि शेजारणीकडं वळल्या. "तुला सांगते, घोडीच्या सडाला दोन भोकं असतात. पण गवळ्यांना हे कुठलं ठाऊक असायला!"