आडवा उभा राहिलेला मूस

तायस्तोला एरवी वर्षभर बोलायला कुणी नसायचं. बायको गेलेली, लेक हेलसिंकीला. शरदात मूस हरणांची शिकार सुरू झाली, की शिकारी टोळीतली माणसं त्याला चिडवायची, शेकोटीपाशी कॉफी द्यायची. तेवढ्यावर हा गडी पुढचा अख्खा हिवाळा काढायचा. म्हणूनच उन्हाळ्यापासून उजवा हात थरथरतोय, हे त्यानं कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. थरथरत्या हाताला टोळीत जागा नाही, हे त्यानंच तर सगळ्यांना शिकवलं होतं.

त्या सकाळी तो दलदलीच्या कडेला, आपल्या नेहमीच्या जागी बसला होता. कुत्र्यानं उठवलेला मूस थेट समोर येऊन ठाकला, तोंड याच्याकडे. अशा वेळी नेम जरा चुकला, तरी बिचारं जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहतं. तायस्तो थांबला. मग मूस वळून आडवा झाला. पुढच्या पायामागची, काळीज-फुप्फुसांची जागा अगदी उघडी. पण नेम तिथं ठरेना. पोटावर सरकायचा, पुन्हा खांद्यावर. त्यानं बंदूक खाली घेतली. मूस झाडीत निघून गेला.

"बार ऐकू आला नाही. झोपलास काय रे म्हाताऱ्या?" खिशातल्या बिनतारी रेडिओवर टोळीचा म्होरक्या रेयो खिदळला. "की मूस तुझ्याकडे तोंड करून उभा होता?"

हो म्हटलं असतं, तर विषय मिटला असता.

"आडवा होता. माझा हात ठरत नाही. उन्हाळ्यापासून."



दुपारी टोळीतल्याच आन्सीनं तोच मूस एका गोळीत पाडला. संध्याकाळी टोळीच्या खोपटात मांसाचे सारखे वाटे पडले. रिवाज असा, की एकानं वाट्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, म्होरक्यानं वाट्याला बोट लावून विचारायचं आणि पाठमोऱ्यानं नाव घ्यायचं. या खेपेला तायस्तोला उभं केलं. त्यानं सगळ्यांची नावं घेतली, स्वतःचं सोडून.

"हा कुणाचा?"

तायस्तोनं नकारार्थी मान हलवली.

"तुझाच आहे. घे की नाव."

"माझा," तो भिंतीला म्हणाला.

रेयो जरा थांबला. "आणि दलदलीच्या कडेची जागा? ती कुणाची?"

तोंड भिंतीकडे होतं, हे बरंच झालं.

"आन्सीची."

कॉफीला येत जा हं, असं सगळ्यांनी सांगितलं. बंदूक कायमची खाली ठेवलेली माणसं कॉफीला किती दिवस येतात, हे तायस्तोनं पाहिलेलं होतं. घरी येऊन त्यानं फ्रीजर उघडला. गेल्या वर्षीचा वाटा निम्म्याहून जास्त तसाच पडून होता. मांस त्याला कधी हवंच नव्हतं.