समोरच्या इमारतीतलं माहेर

लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून परदेशात सहा महिन्यांसाठी घर भाड्याने घेणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असावा, आणि तो साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. साडू हे नातं मुळात कुणी निवडून घेत नाही. मुलगी बघायला गेलेला माणूस सासू बघतो, सासरा बघतो, फार तर मेहुण्याचा अंदाज घेतो. मुलीच्या थोरल्या बहिणीचा नवरा कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेला असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. माझंही नव्हतं. त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत मात्र त्यांनी माझं लक्ष दुसरीकडे फारसं जाऊ दिलेलं नाही.

ते अकोल्याचे. गावाला लागून त्यांचा भाजीचा मळा आहे. वांगी, मिरची, पालक आणि सांबार, ज्याला पुण्याकडचे लोक कोथिंबीर म्हणतात आणि तोळ्यातोळ्याने वापरतात. उभा जन्म बाजारात हर्राशीच्या, म्हणजे लिलावाच्या, गलक्यात गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. त्यांनी अकोल्यात कुणाच्या कानात काही सांगितलं की ते बडनेऱ्याच्या फलाटावर ऐकू येतं, असं माझी बायको म्हणते. उन्हाचं त्यांना काही वाटत नाही. पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की मग ते टोपी घालतात, आणि तीही पाहुण्यांसमोर उघडं डोकं बरं दिसत नाही म्हणून. मी अमरावतीत मास्तरकी केली, त्यामुळे मला जगातलं सगळं ठाऊक असतं अशी त्यांची समजूत आहे. मिरचीवर बोकड्या रोग आला तरी ते मलाच फोन करतात. मी शाळेत भूगोल शिकवत असे, हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं आहे.

त्यांच्या आईने मरताना त्यांना एक गोष्ट बजावली होती. लेकीच्या मांडीवर लेकरू येईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ही रीत आमच्याकडे पुष्कळ घरांत होती, अजूनही कुठे कुठे आहे. पण बहुतेक लोक रीत पाळतात तेव्हा तिला थोडी पळवाट ठेवतात. चहा म्हणजे पाणी नाही, सरबत म्हणजे पाणी नाही, वगैरे. साडूंना पळवाट म्हणजे पाप. त्यांची एकुलती एक लेक रेणू दिली होती अमरावतीतच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. भरल्या मे महिन्यात ते अकोल्याहून बसने यायचे, तिच्या ओसरीवर दोन तास बसायचे, तिने पुढ्यात ठेवलेल्या तांब्याकडे बघत तिच्याशी बोलायचे, आणि उठून थेट माझ्या घरी येऊन दारातूनच ओरडायचे, "पानी आना, मेलो!" एका बैठकीत चार पेले प्यायचे. त्यांच्यामागून अर्ध्या तासाने रेणू यायची आणि माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणायची, "मावशी, माझ्या घरचं पानी काय खारं हाये का?"

रेणूला मूल झालं नाही. एक वर्ष गेलं, पाच गेली, अकरा गेली. मध्यंतरी जावयाला क्वालालंपूरला संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली, मग रेणूलाही तिथेच लागली, आणि तो तांब्या अमरावतीतून उचलून मलेशियात अठराव्या मजल्यावर जाऊन बसला. साडू म्हणायचे, "होईन नं. वांग्याले बी लावल्यावर वख्त लागते." लेक गेल्यावर मात्र त्यांचं मळ्यातलं लक्ष उडालं. भेंडीचा पहिला तोडा निघाला की तिच्यासाठी मूठभर भेंड्या बाजूला काढून ठेवायचे, त्या वाळून जायच्या, पण बाजारात नेऊ द्यायचे नाहीत. माझी आकडसासू, म्हणजे बायकोची थोरली बहीण, ती तर सांजवात लावायच्या वेळी रोज रडायची. शेवटी रेणूनेच कागदपत्रं केली. तिकडे नोकरी असलेल्यांना आईवडिलांना बोलावून काही महिने ठेवून घेता येतं. तिने लिहिलं, बाबा, सहा महिने या.

झालं. जायचं तर होतंच, जीव तिथेच लागला होता. पण सहा महिने पाण्यावाचून कसं राहायचं? मी म्हटलं, "भाऊ, विमानतळावरून कॅन भरून नेत जा." त्यांना विनोद कळला नाही. दोन दिवस विचार करून ते पहिल्या बसने अमरावतीला आले आणि म्हणाले, "मास्तर, तिच्या घरासमोर एखांदं घर भाड्यानं भेटते का, पाहा." मळ्याच्या कडेने रस्ता रुंद झाला होता, त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे आले होते, ते याच कामासाठी आले असा त्यांचा दावा होता.

तिकडे अशा घराला काँडो म्हणतात. घर तुमचं, पण पोहण्याचा तलाव, बाग, व्यायामाची खोली सगळ्यांची. रेणूने एक दलालीणबाई शोधून दिली. ती बिचारी मोबाइल हातात धरून खोल्या दाखवत होती आणि माझ्या बैठकीत बसून साडू तिची उलटतपासणी घेत होते. मी दुभाषी. "इचारा तिले, पानी कितव्या दिवशी येते?" मी विचारलं. बाई म्हणाली, रोज. "रोज म्हंजे किती वाजता?" बाई म्हणाली, चोवीस तास. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ही बाई लबाड आहे हे तुमच्या लक्षात येतं का, मास्तर? अकोल्यात नळ चार-पाच दिवसांनी येतो. चोवीस तास पाणी म्हणणारा माणूस पुढे काय काय थापा मारेल याचा नेम नाही. मग त्यांनी विचारलं, चुलीची भिंत कुठल्या दिशेला, शेजारी कोण, ते भांडतात का. आणि सगळ्यात शेवटी, "गॅलरीतून माह्या लेकीचं स्वयंपाकघर दिसते का?" बाईने फोन फिरवला. मधे तलाव, पलीकडे दुसरी इमारत, अठराव्या मजल्यावर एक खिडकी. रेणू तिथे उभी राहून हात हलवत होती. साडू म्हणाले, "घ्या लिहून." बाकीच्या खोल्या त्यांनी पाहिल्याच नाहीत.

पहिले पाच महिने मी फोनवर ऐकले. पोचल्या दिवशी त्यांनी नळ सोडला आणि घरातली सगळी भांडी भरून घेतली. पातेली, बादल्या, न्हाणीतला टब, फुलदाणीसुद्धा. उद्या येईल न येईल. रोज सकाळी जुनं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना जायचं, आणि कुंड्या इतक्या झाल्या की गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सांबार, मिरची, मेथी. इमारतीच्या नियमात गॅलरीत काही दिसता कामा नये असं होतं. पहारेकरी सांगायला आला, त्याला साडूंनी जुडी बांधून दिली. व्यवस्थापक आला, त्यालाही दिली. महिनाभरात त्या व्यवस्थापकाची बायको रविवारी पिशवी घेऊन दारात उभी राहू लागली. साडूंना तिची भाषा येत नव्हती, तिला यांची. पण भाजी देताना वर चार मिरच्या टाकायच्या असतात, एवढं दोघांनाही कळत होतं.

शेवटच्या महिन्यात त्यांना परत आणायला म्हणून मी गेलो, आणि तिथे गेल्यावर मला कळलं की या माणसाने नुसतं घर घेतलेलं नाही. रोज संध्याकाळी सहाला रेणू ऑफिसातून यायची ती आपल्या घरी जायची नाही. तलावाला वळसा घालून समोरच्या इमारतीत, बाविसाव्या मजल्यावर, माहेरी यायची. चपला दारात काढून आईच्या हातचा चहा प्यायची, सोफ्यावर पाय पसरून अमरावतीतल्या सासूची गाऱ्हाणी सांगायची. चाळिशीला आलेली बाई, हाताखाली वीस माणसं, इथे आली की तिचे दोन पाय जमिनीवर ठरत नसत. आठला जावई न्यायला यायचा. तो जावई आणि हे सासर, मग त्याला पाट, त्याला पहिलं ताट, त्याला आग्रह. पाच महिन्यांत त्याचे सगळे पट्टे आखूड झाले होते. निघताना आई कुंकू लावायची, शुक्रवारी नारळाने ओटी भरायची, आणि साडू लिफ्टपाशी जाऊन रोज त्याच आवाजात सांगायचे, "पोचली का मिस कॉल दे, माय." तलाव ओलांडून पोचायला चार मिनिटं लागायची. साडू गॅलरीत कुंड्यांमध्ये उभे राहायचे, समोरच्या स्वयंपाकघरात दिवा लागेपर्यंत. दिवा लागला की म्हणायचे, "पोचली," आणि मग जेवायला बसायचे.

एवढं सगळं होतं, पण त्या दिव्याखाली त्यांनी पाणी प्यायलं नव्हतं. आकडसासूने पहिल्याच आठवड्यात रेणूकडे गुपचूप चहा घेतला होता, तो इमारतीतल्या पहारेकऱ्यालाही माहीत होता. फक्त साडूंना नव्हता. रेणू मला एकदा म्हणाली, "मावसाजी, बाबाईनं समुद्र ओलांडला माह्यासाठी. हा तलाव काहून ओलांडत नाई?"

परतीच्या दिवशी दुपारी बारा वाजता घर सोडायचं होतं. साडूंनी फरशी पुसून काढली, कुंड्या व्यवस्थापकाच्या बायकोला दिल्या, दलालीणबाईच्या हातात किल्ल्या ठेवल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला आशीर्वाद दिला. विमान संध्याकाळचं होतं. आता अडचण झाली. माहेर बाईच्या पर्समध्ये गेलं होतं, आणि अख्ख्या शहरात बसायला एकच घर होतं. आकडसासू सरळ रेणूकडे निघून गेली. साडू पाच बॅगा घेऊन तलावाकाठच्या बाकावर बसले. मी शेजारी. ऊन रणरणत होतं.

थोड्या वेळाने रेणू खाली आली. "बाबा, वर चला."

"इथंच बरं हाये. हवा चालून राह्यली."

पान हलत नव्हतं. रेणू त्यांच्याजवळ बसली. बराच वेळ तिने बॅगेच्या पट्ट्याशी चाळा केला आणि मग पाण्याकडे बघत म्हणाली, "बाबा, मले लेकरू होनार नाई. दोन वर्सं झाले, डॉक्टरनं साफ सांगतलं. आईले मालूम हाये. तुमाले सांगाची हिंमत नाई झाली. आता तुमी कोनाची वाट पाहून राह्यले?"

पोहणारी दोन मुलं बाहेर आली, अंग पुसून निघून गेली. मग साडूंनी रेणूचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि म्हणाले, "माह्या मायले हे मालूम असतं तं तिनं मले तसं सांगतलंच नसतं." आणि उठले. मला म्हणाले, "मास्तर, बॅगा आना."

मी बॅगा घेऊन पोचलो तेव्हा ते रेणूच्या स्वयंपाकघरात त्या खिडकीखाली स्टुलावर बसले होते. दुसरा पेला चालू होता. रेणू जग धरून उभी होती आणि पाणी पेल्यात कमी, फरशीवर जास्त पडत होतं. साडू पीत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पेला त्यांनी खाली ठेवला नाही. मग तिने आलू-वांग्याची भाजी वाढली. पहिला घास घेऊन ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मीठ कमी हाये." अकरा वर्षांत तिच्या स्वयंपाकाला बापाने ठेवलेलं हे पहिलं नाव. ती खाली बसून हसायलाच लागली, आणि हसता हसता तिला रडू आवरेना.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. रेणू माझ्या बायकोला फोन करते. त्या बाविसाव्या मजल्यावर कुणी नवीन भाडेकरू आले आहेत, त्यांनी जाड पडदे लावले आहेत म्हणे. "मावशी," ती परवा म्हणाली, "सहा वाजले का मी ऑफिसातून निघतो, अन् मले कुठंच जाचं नसते."

मी हे साडूंच्या कानावर घातलं. ते वांग्याची पिशवी घेऊन अमरावतीला आले होते. मी म्हटलं, "भाऊ, आता तर सोपं झालं. दलालीण नको, भाडं नको. सरळ लेकीकडे जाऊन राहा."

"राहीन नं," ते म्हणाले. "सहा महिने काय, वर्सभर राहीन. पानी बी पेईन, जेवीन बी." मग त्यांनी पिशवीतली वांगी एकेक करून बाहेर काढली. "पन मास्तर, मी तिच्याच घरी राह्यलो, तं तिनं माहेरी कुठं जाचं?"

आणि माझ्याकडे बघत राहिले, शिकलेल्या माणसापाशी याचं उत्तर असणारच अशा खात्रीने. मला दोन मुलगे आहेत, लेक नाही. इतक्या वर्षांत त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.