समुद्र न पाहिलेल्या मुलीला मी दिलेला सल्ला

२९ मार्च, रविवार. कित्येक महिने या ब्लॉगवर फिरकले नाही, माफ करा.

आज सकाळी लिंबागणेश गावाहून दत्तूभाऊ आले, इंजिनिअर झालेल्या लेकीला घेऊन. या रेणुकाला बारावीचं गणित मीच शिकवलं. तिला आता चेन्नईला ओशन इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करायचं आहे. अर्जाची मुदत येत्या आठवड्यात संपते.

"मॅडम, तुमी हो म्हणला तर पाठवतो," दत्तूभाऊ म्हणाले.

मला या शाखेतलं काहीच माहीत नव्हतं. तसं सांगायचं सोडून मी विचारलं, "समुद्र पाहिलास का गं?"

"न्हाई मॅडम. कपिलधारचा धबधबा पाहिलाय."

"पोहता येतं?"

"न्हाई."

मी हसले. "मग बोटीवर काय करशील? इथंच नोकरी बघ."

"पर मॅडम, तिथं गणित लागतं. तुमचाच विषय हाय."

"गप," दत्तूभाऊ म्हणाले. "मॅडम न्हाई म्हणल्या ना? संपलं."

रेणुका चहा तसाच ठेवून उठली.

दुपारी मी त्या अभ्यासक्रमाची माहिती वाचली. डिफरन्शियल समीकरणं, फ्लुइड मेकॅनिक्स, प्रोग्रामिंग. बंदराचा धक्का लाटांचा मारा कसा सोसेल, याचं गणित. पोहण्याचा कुठे उल्लेखही नव्हता.

माहीत नसण्याची लाज वाटत नाही. पण एका बापाने लेकीच्या शिक्षणाचा निर्णय माझ्या शब्दावर सोपवला होता, आणि मी तो शब्द हसत हसत उच्चारला. "मला माहीत नाही, बघून सांगते," एवढं म्हणायला आपल्याला इतकं जड का जातं? तुम्हाला जमतं का?

उद्या: लिंबागणेशला जाऊन, रेणुकासमोर, दत्तूभाऊंना सांगायचं की मी चुकले.